ओझ्याचे माप

पत्राचे वजन किती असावे, हे या देशात १८५४ साली कायद्याने ठरले. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर लागू झाला. मग ते पत्र नाशिकहून निफाडला जावो, नाहीतर कलकत्त्याला जावो. त्यापूर्वी अंतर वाढेल तसा दर वाढत असे. सुधारणा मोठी होती, यात शंका नाही. सामान्य माणसाला पत्र धाडणे परवडू लागले ते तेव्हापासून. परंतु ज्या माणसाच्या खांद्यावरून ती पत्रे जात, त्याच्या थैलीत किती भार असावा, त्याने किती धावावे आणि केव्हा थांबावे, हा काही त्या कायद्याचा विषय नव्हता. कागदाचे माप पाव तोळ्यापर्यंत बारकाईने ठरले. माणसाच्या श्रमाचे माप ठरायचे राहून गेले.

श्रोतेहो, मालवाहतुकीचा इतिहास आम्ही जेवढा वाचला, त्यात हा क्रम पुनःपुन्हा दिसतो. मालाचे माप आधी ठरते. माल वाहणाऱ्याच्या कष्टाचे माप मागाहून ठरते, आणि तेही मागितल्यावाचून ठरत नाही. आम्हांला शाळेने फार काळ ठेवून घेतले नाही. आमचे शिक्षण झाले ते कामगारांच्या सभांत आणि १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाच्या बाकांवर. तेव्हा पंडिताच्या अधिकाराने बोलण्याचा आमचा मुळीच दावा नाही. पण आज नाशिकच्या प्रत्येक गल्लीत पाठीवर मोठी पिशवी घेऊन पार्सले पोचविणारा जो तरुण दिसतो, त्याच्या कामाचा बोजा किती असावा, हा प्रश्न संघटनेच्या कामामुळे रोज आमच्यापुढे येतो. त्याचे उत्तर शोधताना आम्हांला मागे जावे लागले, आणि मागे गेल्यावर असे दिसले की, प्रश्न जुना आहे. नवे आहे ते केवळ त्याचे रूप.

पेशवाईच्या कागदांत जासूद आणि हरकारे जागोजागी भेटतात. लखोटा घेऊन जासुदांची जोडी निघे. कंपनी सरकारने पुढे डाकेची जी व्यवस्था बसविली, तीही बराच काळ माणसाच्या पायांवरच चालली. मुंबईहून नाशिककडे येताना थळ घाट चढावा लागतो. एक माणूस सारी वाट एका दमात धावू शकत नाही, हे सरकारलाही ठाऊक होते. म्हणून वाटेचे टप्पे पाडले. एका हरकाऱ्याने आपल्या टप्प्यापुरते धावायचे, थैली पुढच्याच्या हाती द्यायची आणि परतीची थैली घेऊन मागे फिरायचे. हातात घुंगरांची काठी किंवा भाला; रात्रीच्या वेळी रानातून जाताना पुढे मशाल. घुंगरांच्या आवाजाने पुढच्या चौकीवरचा माणूस तयार होऊन बसे, आणि जनावरेही दूर राहावीत अशी अपेक्षा असे.

या पद्धतीत एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. टप्पा हेच त्या काळचे श्रमाचे माप होते. ते दयेपोटी ठरले असे मानण्याचे कारण नाही. दमलेला हरकारा म्हणजे उशिरा पोचलेली डाक. आणि उशिरा पोचलेल्या डाकेचा तोटा सरकारला. म्हणून माणसाच्या दमाचा हिशेब सरकारने आपल्या सोयीसाठी केला. तरीही त्या मापाचा एक गुण होता. ते उघड्या रस्त्यावर पडलेले होते. आपला टप्पा कोणत्या ओढ्यापासून कोणत्या चौकीपर्यंत, हे हरकाऱ्याला पक्के ठाऊक असे. कोणी येऊन आज सकाळी चौकी चार कोस पुढे सरकविली, तर ते त्याला डोळ्यांनी दिसले असते.

पत्रांच्या डाकेबरोबर पार्सलांचीही डाक होती. खांद्यावर कावड घेऊन हळू चालणाऱ्या माणसांकडून ती जाई; इंग्रजी कागदांत तिला 'बांघी' असे नाव आहे. आजच्या पार्सलवाल्याचा हा खरा पूर्वज. पुढे १८७७ साली टपाल खात्याने व्ही. पी. ची पद्धत सुरू केली, म्हणजे वस्तू घरी न्यायची आणि तिची किंमत तेथेच वसूल करून आणायची. १८८० साली मनीऑर्डर आली. व्यापाराला या दोन्ही गोष्टींनी मोठा हात दिला. पण पोस्टमनच्या बाजूने पाहा. आता तो केवळ कागद वाहणारा राहिला नाही; तो परक्याचा पैसा बाळगणारा, मोजणारा, सही घेणारा आणि संध्याकाळी हिशेब देणारा झाला. थैलीचे वजन कदाचित तेवढेच राहिले असेल. कामाचे वजन वाढले. ओझे केवळ शेरांत किंवा नगांत मोजले, तर असे वाढलेले काम दिसतच नाही.

१८६५ साली थळ घाटातून आगगाडी वर चढली आणि त्या वाटेवरच्या हरकाऱ्याचे महत्त्व ओसरले. आडवाटेच्या मुलखात मात्र टपाल खात्यातील रनर त्यानंतरही दीर्घकाळ चालतच राहिला. टपालाची तिकिटे पूर्वी विलायतेहून छापून येत; ती १९२० नंतरच्या दशकात आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यात छापली जाऊ लागली. ज्या शहराने देशाच्या टपालाला तिकीट पुरविले, त्या शहराने टपाल वाहणाऱ्याच्या पायांचाही थोडा विचार करावा, ही मागणी अवाजवी नव्हे.

आता थोडे मुंबईच्या गिरण्यांकडे वळावे लागेल. कारण श्रम तासांत मोजण्याचा आग्रह महाराष्ट्रात प्रथम तेथे धरला गेला, आणि रस्त्यावरच्या कामगाराला तो वारसा पुष्कळ उशिरा मिळाला. गिरणीत काम चाले ते सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि मागण्या लिहून काढल्या : आठवड्याची एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाची वेळ सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत, वेळेवर पगार, आणि अपघात झाला तर भरपाई. आज त्या मागण्या वाचताना त्या किती थोड्या होत्या असे वाटते. पण त्यांचे मोल वेगळ्याच गोष्टीत आहे. कामाची सुरुवात कधी आणि शेवट कधी, हे कागदावर लिहा, एवढेच मुळात त्यांचे म्हणणे होते. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. पुढची वाटचाल सावकाश झाली. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील पुरुषांचा दिवस १२ तासांचा ठरला. १९२२ मध्ये तो ११ तासांचा व आठवडा ६० तासांचा झाला. १९३४ मध्ये १० आणि ५४. आणि १९४६ मध्ये ९ आणि ४८. हा शेवटचा टप्पा गाठताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री म्हणून कसे झटले, हे काळाराम मंदिराचा सत्याग्रह पाहिलेल्या या शहराला निराळे सांगायला नको. लोखंड्यांच्या सभांपासून येथवर बासष्ट वर्षे लागली.

गिरणीला चार भिंती होत्या, भोंगा होता, फाटक होते. तपासनीस आत जाऊन घड्याळ पाहू शकत असे. रस्त्यावर काम करणाऱ्याला भिंत नाही आणि भोंगाही नाही. म्हणून त्याच्यापर्यंत कायदा पोचायला आणखी वेळ लागला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने प्रथम चालकाच्या तासांना मर्यादा घातली : सलग ५ तास गाडी चालविल्यावर अर्धा तास विसावा, दिवसात ९ तास, आठवड्यात ५४. पुढे १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याने दिवस ८ तासांचा, आठवडा ४८ तासांचा केला. दूरच्या पल्ल्यासाठी थोडी सवलत ठेवली. आणि विसाव्यासकट सारा दिवस सामान्यतः १२ तासांपलीकडे लांबवू नये असेही सांगितले. ही शेवटची तरतूद फार शहाणपणाची होती. चालकाला मधे चार तास नुसते बसवून ठेवायचे आणि ते तास कामात धरायचे नाहीत, ही युक्ती कायदा करणाऱ्यांनी ओळखली होती. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या कामगार संहिता अमलात आल्या आणि हा कायदा स्वतंत्र राहिला नाही. व्यवसायसुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती या संहितेत तो सामावला गेला. नोकर म्हणून ज्याची नोंद आहे, अशाला तासांची मर्यादा तेथे आहे. ज्याची तशी नोंदच नाही, त्याचे काय, हा प्रश्न पुढे येईल.

टपाल कामगारांनीही आपले माप भांडूनच मिळविले. ११ जुलै १९४६ रोजी पोस्टमन आणि खालच्या श्रेणीतील टपाल नोकर देशभर संपावर गेले. त्या काळात टपाल व रेल्वे या दोन्ही खात्यांतील वादांत न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांना लवाद म्हणून बसावे लागले, आणि रेल्वेत कोणत्या कामाला किती तास, याचा बारीक विचार त्यांच्या निवाड्यात झाला. त्यांच्या निवाड्याने सारे प्रश्न सुटले असे नव्हे. पण एक पायंडा पडला : बोजा किती, हे एकट्या साहेबाने ठरवायचे नाही; दोन्ही पक्षांनी पुरावा मांडायचा, तिसऱ्याने ऐकायचे, आणि जे ठरेल ते लिहायचे.

नाशिक जिल्ह्याला मात्र ओझ्याच्या मापाचा सर्वांत चांगला धडा कचेरीत मिळाला नाही, तो बाजारात मिळाला. लासलगावची बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली. नियंत्रित बाजार येण्यापूर्वी आपल्या देशात अनेक ठिकाणी हत्ता पद्धतीने सौदा होत असे. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालीत आणि बोटे दाबून भाव ठरवीत. शेतकरी समोर उभा, माल त्याचा, घाम त्याचा, पण बोटे काय बोलली हे त्याला कळत नसे. रुमाल बाजूला झाला की भाव ठरलेला असे. बाजार समित्यांच्या कायद्यांनी हा रुमाल काढून टाकला आणि उघड लिलाव आणला. तोलाईचा काटाही सर्वांसमोर आला. लिलाव उघड झाल्याने भाव नेहमी चांगलाच मिळतो असे कोणी म्हणणार नाही. कांदा उत्पादकांना ते पक्के माहीत आहे. परंतु फसवणूक झाली तर ती कोठे झाली, हे आता बोट ठेवून दाखविता येते.

त्याच बाजारात हमाल आहे. त्याच्या पाठीवर एके काळी शंभर किलोंचे पोते बसे. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींची संघटना बांधली, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व अन्य अंगमेहनती कामगारांचा कायदा केला. बाबा आढाव डिसेंबर २०२५ मध्ये निवर्तले. पोत्याचे वजन पन्नास किलोंवर आणण्याचा आग्रह त्यांच्या पिढीने चिकाटीने धरला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनेही १९६७ साली अशी शिफारस केली की, प्रौढ पुरुषाने हाताने वाहायचे ओझे ५५ किलोंपेक्षा अधिक असू नये. शंभराचे पन्नास झाले म्हणून धान्याचा व्यापार बुडाला नाही. पोती वाढली, इतकेच.

माथाडी कायद्यात आणखी एक मोठी कल्पना आहे. हमालाचा एकच मालक नसतो. सकाळी या पेढीचे पोते, दुपारी त्या पेढीचे. मग मालक कोण, असे विचारले की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवी. कायद्याने यावर तोडगा काढला तो असा : मालक, कामगार आणि सरकार यांचे मिळून मंडळ नेमायचे, कामगाराची आणि पेढीचीही नोंद तेथे करायची, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची, आणि भविष्यनिर्वाह निधी, वैद्यकीय मदत वगैरे मंडळाने पाहायचे. हमाली आणि लेव्ही यांवरून आमच्या जिल्ह्यात व्यापारी आणि माथाडी यांचे तंटे होतात, २०२४ साली लासलगावचे लिलावही त्यापायी थांबले होते. तंटा होतो, कारण दोन्ही बाजूंना हिशेब दिसतो. जेथे हिशेबच दिसत नाही तेथे तंटाही होत नाही. नुसते निमूटपणे सोसणे होते.

ओझे वाहणाऱ्यांनी आपले माप आपल्याच हाती ठेवल्याचेही एक उदाहरण महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या डबेवाल्यांची परंपरा १८९० सालापासून सांगतात. महादू हावजी बच्चे हे तिचे मूळपुरुष. मावळ, खेड, जुन्नर भागांतली ही माणसे. प्रत्येक गटाचा मुकादम त्यांच्यातलाच, गिऱ्हाइके ठरलेली, भाग ठरलेला. एका माणसाला किती डबे पेलतील, हे गटाला ठाऊक असते. कारण गटातल्या प्रत्येकाने ते कधी ना कधी डोक्यावर घेतलेले असतात. वेळेच्या काटेकोरपणासाठी साऱ्या जगाने त्यांचे कौतुक केले. वेळ पाळायची तर माणसाला पिळलेच पाहिजे, असे म्हणणाऱ्यांनी या सव्वाशे वर्षांहून जुन्या धंद्याकडे जरूर पाहावे.

आता आजच्या पार्सलाकडे येऊ. घरबसल्या वस्तू मागवायच्या आणि दारात पैसे द्यायचे ही पद्धत २०१० नंतर आपल्याकडे झपाट्याने पसरली. म्हणजे १८७७ ची व्ही. पी. च नव्या वेषात आली. सातपूर-अंबडच्या बाजूला, आडगावकडे, पाथर्डी फाट्यावर पार्सलांची गोदामे झाली. तेथे काम करणारे चालक तीन तऱ्हांचे : थोडे कंपनीचे नोकर, काही कंत्राटदाराचे टेम्पोवाले, आणि पुष्कळसे आपली मोटारसायकल, आपले पेट्रोल आणि आपला फोन घेऊन नगावर काम करणारे. या तिसऱ्या प्रकाराला कंपन्या 'भागीदार' म्हणतात. नफ्यात आणि निर्णयात वाटा नसलेला भागीदार आम्ही तरी जुन्या कोणत्याही पेढीच्या वहीत पाहिला नाही.

त्यांचा दिवस कसा जातो ते हिशेबाने पाहू. समजा, एका तरुणाच्या फोनवर सकाळी ८० पार्सले पडली आणि दिवस ८ तासांचा धरला. ८ तास म्हणजे ४८० मिनिटे. प्रत्येक पार्सलाला ६ मिनिटे. ऐकायला ठीक वाटते. पण सकाळी गोदामात पार्सले निवडणे, नोंदविणे आणि गाडीत रचणे यांत दीड तास जातो; अर्धा तास जेवणाचा; अर्धा तास संध्याकाळी रोकड भरायला आणि परत आलेला माल सोपवायला. हे अडीच तास वजा केले की उरली ३३० मिनिटे, म्हणजे दर पार्सलाला जेमतेम ४ मिनिटे. या ४ मिनिटांत रस्ता, द्वारकेवरची कोंडी, पत्ता शोधणे, चार मजले, बंद लिफ्ट, फोन न उचलणारे गिऱ्हाईक, ओटीपी, सुटे पैसे आणि परत खाली उतरणे. घरी कोणी नसेल तर उद्या पुन्हा तीच फेरी, आणि न पोचलेल्या नगाला बहुधा मोबदला नाही. मग हा तरुण वेळ कोठून काढतो? आधी जेवणातून, मग झोपेतून, आणि शेवटी सिग्नलच्या लाल दिव्यातून.

आमच्याकडे सभेला येणाऱ्या या मुलांना आम्ही प्रथम एकच विचारतो : "एवढीच पार्सले तुला का मिळाली? कमी का नाहीत, जास्त का नाहीत?" कोणालाही सांगता येत नाही. गोदामाचा सुपरवायझर म्हणतो, "सिस्टिमने टाकली." कंत्राटदार म्हणतो, "वरून आली." एका ठिकाणी चालकांनी दिवसाच्या हिशेबाचा कागद मागितला. त्यांना सांगण्यात आले की, असा कागद नसतो. गणित आहे, पण ते यंत्राच्या पोटात आहे. लासलगावच्या शेतकऱ्यासमोरचा रुमाल आम्ही काढून टाकला, आणि त्याच शेतकऱ्याच्या मुलासमोर तो पुन्हा पसरला गेला आहे. या वेळी रुमालाखाली बोटे नाहीत, एवढाच काय तो फरक.

जगात इतरत्र हा प्रश्न कसा हाताळला गेला, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील यूपीएस ही पार्सल कंपनी १९०७ सालची. चालकाच्या कामाचे मिनिटामिनिटाने मोजमाप करण्यात ती फार जुनी. पण तिच्या चालकांची टीम्स्टर्स ही संघटनाही तितकीच कसलेली. १९९७ साली तेथे १५ दिवसांचा संप झाला आणि १ लाख ८५ हजार कामगार त्यात उतरले. त्यांच्या करारात साडेनऊ तासांचे एक कलम आहे. ज्या चालकाला जादा वेळ नको, तो आपले नाव यादीत घालतो. मग आठवड्यात तीन दिवस त्याला साडेनऊ तासांहून अधिक राबविले, तर तो तक्रार करतो आणि कंपनीला दंडादाखल जादा पैसे मोजावे लागतात. म्हणजे ज्याला जादा काम हवे आहे त्याची वाट अडत नाही, आणि ज्याला नको आहे त्याला नाही म्हणता येते. कॅलिफोर्निया राज्याने २०२१ साली कायदा केला की, मोठ्या गोदामांतील कामगाराला त्याच्या कामाचा कोटा मालकाने लेखी दिला पाहिजे. दक्षिण कोरियात २०२० साली, करोनाच्या काळात, पार्सल चालकांचे अतिश्रमाने मृत्यू झाले आणि देश हादरला. २०२१ साली कंपन्या, संघटना आणि सरकार यांच्यात समझोता झाला. त्यात आठवड्याला ६० तासांची मर्यादा ठरली. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सकाळी पार्सले निवडण्याचे काम चालकाचे नव्हे, कंपनीचे, असे ठरले. ते काम तोवर चालक फुकट करीत होते. आमच्या वरच्या हिशेबातला दीड तास तो हाच.

आपल्याकडेही काही हालचाल झाली आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ साली अशा कामगारांची संख्या ७७ लाख धरली आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होईल असा अंदाज केला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने या कामगारांना प्रथमच कायद्यात नाव दिले, आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या निधीत घालावी असे म्हटले. राजस्थानने २०२३ साली स्वतंत्र कायदा केला. कर्नाटकाने २०२५ साली केला, आणि यंत्राच्या पोटातील गणिताची माहिती कामगाराला द्यावी, काम बंद करण्यापूर्वी १४ दिवसांची सूचना द्यावी, अशी कलमे त्यात घातली. हे स्वागतार्ह आहे. परंतु आजारात मदत देणारा निधी वेगळा आणि आजारी पाडणाऱ्या बोज्याला मर्यादा वेगळी. केंद्राच्या संहितेत या कामगारांसाठी निधी लिहिला गेला. तास आणि नग यांची मर्यादा लिहिली गेली नाही. १९६९ साली माथाडी कायदा करून साऱ्या देशाला वाट दाखविणाऱ्या महाराष्ट्राने येथे मागे राहणे शोभत नाही.

या मागणीवर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला कंपन्यांचा : यंत्र पक्षपात करीत नाही, ते अंतर आणि वाहतूक पाहून सर्वांना सारखे वाटते. काटाही पक्षपात करीत नाही, हे खरे. पण पारड्यातली वजने कोणीतरी ठेवलेली असतात, आणि म्हणूनच सरकारी निरीक्षक ठरलेल्या मुदतीने वजनांवर शिक्का मारतो. चौथ्या मजल्याला यंत्राने किती मिनिटे धरली आहेत, वैशाखातल्या दुपारी दोन वाजता ती वाढतात की नाही, हे विचारणे म्हणजे यंत्राचा द्वेष नव्हे. दुसरा आक्षेप खुद्द चालकांचा, आणि तो अधिक अवघड आहे. ते म्हणतात, "दादा, नगावर पैसे मिळतात, नग कमी केले तर घर कसे चालवू?" हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. हप्ता मोटारसायकलचा आहे, भाडे सिडकोतल्या खोलीचे आहे. म्हणून मर्यादा आणि दर यांची गाठ एकत्रच बांधली पाहिजे. हमालाचे पोते शंभराचे पन्नास झाले तेव्हा हमालीचा दरही बांधून घ्यावा लागला. नुसती मर्यादा घातली तर चालक उपाशी राहील. नुसता दर वाढविला तर तो रस्त्यावर मरेल.

तेव्हा आमचे मागणे थोडक्यात असे. दिवसाचे काम किती, हे आदल्या संध्याकाळी किंवा निदान गोदामातून निघण्यापूर्वी चालकाला लेखी कळावे, आणि ते कोणत्या हिशेबाने ठरले हेही कळावे. त्या हिशेबात निवडणे, रचणे, जिने चढणे, रोकड भरणे आणि रिकामी गेलेली फेरी धरली जावी. ठरलेल्या तासांपलीकडचे काम नाकारता यावे आणि नाकारले म्हणून दुसऱ्या दिवशी फोन मुका होऊ नये. आणि तंटा झाला तर माथाडी मंडळासारखे, तिन्ही पक्षांचे मंडळ तो ऐकायला असावे. यांतले एकही कलम नवे नाही. लोखंड्यांच्या १८८४ च्या कागदात, १९६१ च्या कायद्यात, लासलगावच्या उघड्या लिलावात आणि हमालाच्या पोत्यात यांतले प्रत्येक कलम या मातीत कधी ना कधी मान्य झालेले आहे.

राहता राहिले आपण, म्हणजे वस्तू मागविणारे. हरकाऱ्याच्या काळी पत्राची वाट पाहणारा माणूस घाटाची कल्पना ठेवून वाट पाही. आपल्याला फोनवर गाडीचे चित्र सरकताना दिसते आणि ते दोन मिनिटे थांबले की आपण चिडतो. तक्रारीचे एक बटण आपल्या हाती आहे. त्याने त्या मुलाचा दिवसाचा मोबदला जाऊ शकतो, हे दाबताना आपल्याला ठाऊक नसते. पत्ता नीट लिहावा, सुटे पैसे तयार ठेवावेत, चौथ्या मजल्यावरून दोन जिने खाली यावे, आज नको असलेली वस्तू आजच मागवू नये. एवढे तर कोणत्याही कायद्याची वाट न पाहता करता येईल. आणि संघटनेचे लोक या कायद्यासाठी सह्या घ्यायला आपल्या दारी आले, तर आपलीही सही त्या कागदावर असावी. गिरणी कामगारांना रविवार मिळाला त्याआधी हजारो सह्यांचा अर्ज सरकारपुढे गेला होता. पार्सलवाल्याचा अर्जही एके दिवशी जाईल. त्यावर नाशिककरांच्या सह्या किती असतील, ते आपल्यावर आहे.